सुमनला दिलेली साडी

अंबाबाईपुढंसुद्धा मी हे कधी बोललेले नाही. दर मंगळवारी देवळात जाते, हात जोडते, पोरीची बारावी, नवऱ्याची शुगर, सगळं तिच्या कानावर घालते — आणि नेमकं एवढं सोडून परत येते. अठरा वर्षं झाली. आता तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं माझं तोंड उघडत नाही, हा माझा जुनाच रोग आहे.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. मी आयाळी आहे.

दचकलात? आमच्या भागात आयाळे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, आणि आपल्या घरात मात्र नाहीत याची सगळ्यांना खात्री असते. महिन्यातून एकदा आमचं अंग पालटतं. माणसाचं जातं, सिंहाचं येतं, तासाभरात परत माणसाचं होतं. कुणाला खातबित नाही आम्ही. उसात जाऊन पडायचं, चांगलं हातपाय ताणायचे आणि पदर सावरून घरी यायचं. उसात बिबट्या दिसला म्हणून पेपरात येतं ना — त्यातले निम्मे बिबटे आमचे मामा नाहीतर मावश्या असतात. आमच्या बायकांना आयाळ नसतेच, तरी नाव आयाळी. एवढं नीट बघायला थांबतंय कोण?

माणसं फसतात, म्हैस फसत नाही. आमचा वास आला की ती पान्हा चोरते. रेडकू पाजायला सोडा, पेंड पुढ्यात ठेवा, ती दूध वर ओढून धरते ते धरतेच. म्हणून आमच्यात एक रीत आहे. मुलीचं लग्न म्हशीवाल्यांकडं ठरलं की त्यांच्या गोठ्यातलं एक जुनं दावं काहीतरी निमित्तानं मागून आणायचं, आणि मुलीनं महिनाभर ते उशाला घेऊन झोपायचं. तो वास अंगात मुरला की म्हैस तिला आपली मानते. माझं माहेर नेसरीचं, सासर कसबा बावड्याचं, अकरा म्हशींचं. अव्वानं — आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात — ते दावं माझ्या उशाला ठेवलं तेव्हा बजावलं होतं, "दिवस ऱ्हायलं की तिसऱ्या म्हैन्यात म्हायेरी यायचं. त्या वक्ताला आपला वास आवरत न्हाई बघ."

पोराच्या वेळी मी गेले. पोरीच्या वेळी गेले नाही.

का गेले नाही? मोठं काही कारण असतं तर सांगायलाही बरं वाटलं असतं. मी माहेरी गेले असते तर गोठा सुमनच्या हातात गेला असता — एवढंच. सुमन माझी धाकटी जाऊ. शिरोळकडची, चारचौघींसारखी माणसाची पोर. लग्नाला सहा महिने झाले होते. तिचा हात हलका, म्हशी तिच्याकडं राजीखुशीनं दूध द्यायच्या, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, येईल त्या पावण्याला ते सांगायच्या. मला ते सोसायचं नाही. आणि सुमन? ती मला आक्का म्हणायची. मला डोहाळे लागले म्हणून कुठून कुठून चिंचा आणून माझ्या पदरात टाकायची.

तिसरा महिना लागला आणि हरणीनं पान्हा चोरला. हरणी आमची सगळ्यांत शहाणी म्हैस. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींनी चोरला. आठ दिवसांत सगळा गोठा आटल्यासारखा झाला. डॉक्टर आला, बघून गेला, म्हशींना काही झालेलं नाही म्हणाला. नजर काढली, मिरच्या जाळल्या. मग एक दिवस आत्याबाई चहाची कपबशी खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, "घरात आयाळं शिरलंय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा बोलले असते तर? मला हाकललं असतं. पोर काढून घेतलं असतं. नवरा काय म्हणाला असता ते आजही मला माहीत नाही, कारण मी त्याला बोलायची वेळच येऊ दिली नाही.

जुन्या लोकांची एक परीक्षा आहे. गोठ्यात जाणाऱ्या बायकांनी एकेक करून एकाच म्हशीखाली बसायचं. जिच्या हाताला धार येणार नाही ती आयाळी. त्या संध्याकाळी, उन्हं अजून अंगणात होती, आम्ही तिघींनी हरणीखाली बसायचं ठरलं. आधी आत्याबाई, मग मी, मग सुमन.

मी दुपारीच अंघोळ केली, पेटीतली धुतलेली साडी नेसले, आणि हरणीचं दावं मानेपासून पोटऱ्यांपर्यंत अंगावर घासलं. कातडी सोलली. ते मला माफ आहे असं समजते — जीव वाचवायला कोण काय करत नाही? पण गोठ्यात जायच्या आधी अंगणात पेंड भिजवलेली बादली लवंडली आणि सुमन कमरेपासून खाली भिजली. सगळे खोळंबलेले. मी धावत आत गेले, खुंटीवरची साडी काढली आणि तिला दिली. मोरपंखी, बारीक काठाची. माझी. दोन दिवस अंगावर असलेली.

घाईत हाताला आली ती दिली, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. पेटीत धुतलेल्या चार साड्या होत्या. पेटी उघडीच होती.

आत्याबाईंना धार आली. माझ्या वेळी हरणीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, कातडी थरथरवली — पण दाव्याचा वास तिचाच होता, शेवटी चार धारा आल्या. मग सुमन बसली. माझ्या साडीचा कासोटा मारून, हसत बसली. तिला कसली भीती? हरणीनं एकदा हुंगलं आणि अशी बिथरली, की खुंटा उपटून भिंतीला जाऊन भिडली.

"म्हस कदी खोटं बोलत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. खरंच होतं ते. म्हैस खोटं बोललीच नव्हती.

सकाळी तिच्या वडिलांना बोलावलं. माझा दीर, सुमनचा नवरा, ओसरीच्या खांबाला टेकून नखं कुरतडत उभा होता, तिच्याकडं एकदाही बघितलं नाही त्यानं. ती जाताना माझ्यापाशी आली. "आक्का, तुमी तरी सांगा की. मी आयाळी न्हाई." रात्रभर रडून तिचा चेहरा सुजला होता. अंगावर अजून तीच साडी होती, ती तिला कुणी बदलू दिली नव्हती. आणि मी काय केलं असेल? मी तिच्या खांद्यावरून घसरलेला पदर नीट केला. तेवढंच केलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. माहेरी तिला दोन महिने ठेवलं. भावाची सोयरीक तिच्यापायी मोडायला लागली तेव्हा तिथंही ती नकोशी झाली. दिरानं दुसरी बायको केली. हे सगळं अव्वाच्या कानावर कुणीतरी घातलं, आणि ती मला न विचारता एस.टी.नं शिरोळला गेली आणि सुमनला नेसरीला घेऊन आली. जिला आयाळी म्हणून हाकललं ती आयाळ्यांच्या घरात राहिली, आणि मी आयाळी, इथं माणसांत मानानं राहिले. गोठा माझ्याच हातात राहिला; पोरगी होईपर्यंत रोज दावं अंगावर घासून धारा काढल्या.

मी माहेरी जाणं सोडलं. कधी ऊसतोड, कधी पोराची परीक्षा, कधी म्हैस व्यायलीय. अव्वानं एकदाही का म्हणून विचारलं नाही. दिवाळीला, पाडव्याला फोन यायचा. "बरी हाईस न्हवं?" विचारायची. मी बरी आहे म्हणायचे. मग ती फोन ठेवायची.

गेल्या महिन्यात अव्वा गेली. आमच्यात जीव जाताना शेवटी सिंहाचंच अंग येतं. तेव्हा लेकीनं डोकं मांडीवर घ्यायचं, बोटांनी अंग विंचरत बसायचं. जीव गेला की माणसाचं अंग परत येतं, आणि मग बाकीच्यांना आत बोलवायचं. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. सुमन बसली होती म्हणे, सकाळपासून दुपारपर्यंत. एवढं थोरलं जनावर मांडीवर, नखं बाहेर आलेली — आणि तिच्या दंडावर चार लांब ओरखडे होते, त्यांना हळद लावलेली होती. मी बघतेय म्हटल्यावर तिनं पदर ओढून घेतला. केस अर्धे पांढरे झालेत तिचे. मला आक्काच म्हणाली.

मंडळी पांगल्यावर तिनं अव्वाच्या अंथरुणाची आवराआवर केली आणि उशीखालून एक घडी काढून माझ्या हातात दिली. मोरपंखी रंग पार उडाला होता, काठ विरला होता, तरी मी ओळखली.

"त्या दिवसापास्नं न धुताच गाठोड्यात हुती. मी हितं आले त्याच दिवशी अव्वानं मागून घेतली," सुमन म्हणाली. "रोज उशाला घेऊन झोपायच्या. लेकीचा वास येतोय म्हणायच्या. मला तर कवाच आला न्हाई."

कळलं ना तुम्हाला? शिरोळला सुमनचं गाठोडं उचललं त्याच क्षणी अव्वाला कळलं होतं. त्यातल्या साडीला माझा वास येतोय, म्हणजे काय घडलं असेल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं सुमनला सांगितलं नाही. मला विचारलं नाही. माझा गुन्हा उशाला घेऊन ती अठरा वर्षं झोपली, कारण माझं म्हणून तिच्याकडं तेवढंच होतं.

मी साडी नाकाला लावली. खोबरेल तेल, धूर, अव्वाचा घाम. माझा वास त्यात कुठंच नव्हता.

सुमन माझ्यासमोर बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं विचारलं, चहा टाकू का? मी टाक म्हणाले. तिनं केला, मी प्याले, चांगला झालाय म्हणाले. साडी पिशवीत घातली आणि पाचच्या गाडीनं परत आले.

एक राहिलं. मघाशी मी तुम्हाला सांगितलं, बादली लवंडली. बादली आपोआप लवंडली नव्हती. सुमन कुठं उभी आहे ते बघून, मी ती पायानं लवंडली.