कांदिवलीतलं गाऱ्हाणं

टेम्पोत शेवटचं कपाट चढलं तेव्हा शेजारच्या तात्यांनी सगळ्यांना गॅलरीतून खाली बोलावलं. लालबागची आपली चाळ म्हणजे निम्मं कोकण. कुणी बिऱ्हाड हलवलं की थोरल्या माणसाने नारळ हातात घेऊन देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी हात जोडून साथ द्यायची, हे ठरलेलं. तात्या म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ही पोरां आज कांदिवलेक जातत. ह्या खोलयेत जा काय वाकडा झाला, ता हयच रवांदे. त्येंच्या पाठसून धाडू नको."

"व्हय म्हाराजा," आपण सगळे म्हणालो. आई, वहिनी आणि मीसुद्धा.

जे वाकडं झालं होतं त्याचं नाव तात्यांनी घेतलं नाही. त्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाने, दादाने, जीव दिला होता. बाहेरच्यांना आपण 'हार्ट' सांगितलं. तुम्ही सगळ्या चाळकऱ्यांनी एका सुरात सांगितलंत, आमच्यासाठी. त्याबद्दल तुमचे उपकार मानावेत की तुमच्यावर रागवावं, हे मला अजून कळलेलं नाही.

लोक म्हणायचे, गिरण्यांच्या संपाने नेला. पण गिरणी चाळीतल्या सगळ्यांचीच बंद होती. समोरचे काका भाजी विकायला बसले, कुणी गावाला गेलं, कुणी वॉचमन झालं. दादा गॅलरीत बसून राहिला. हाक मारली की हसायचा. एका माणसाच्या आत काय चाललंय ते इतक्या उघड्या दारांमधून कुणाला दिसू नये, हे कुठल्या बाजूने धरून वाचावं ते मला आजही उमगत नाही.

मालाडच्या शाळेत मी मराठी शिकवायचो, म्हणून कांदिवली. इथे बेल वाजवल्याशिवाय कुणी येत नसे. आई सवयीने दार उघडं टाकून बसायची, तर समोरच्या बाई येऊन म्हणाल्या, "अहो आजी, दार लावा ना. इथे सेल्समन घुसतात." आईने दार लावलं आणि दाराकडे बघत बसली.

तात्यांचं गाऱ्हाणं आम्ही हुकुमासारखं पाळलं. वाकडं तिथेच राहायचं होतं, तेव्हा इथे त्याचा उच्चार करायचा नाही. दादाचा फोटो ट्रंकेतून काढला नाही. आई आणि वहिनी रॉकेल, पाणी, मासे महाग झाले, एवढंच बोलायच्या. वहिनीला आम्ही जपायचो, म्हणजे तिच्यासमोर गप्प बसायचो.

मग वहिनी आवराआवर करू लागली. मला बरं वाटलं, म्हटलं, सावरतेय. "आई, कोकमं वरच्या फळीवर ठेवलीत हं. भाऊजी, रेशनकार्ड साड्यांच्या खाली आहे, नंतर शोधत बसाल." एके दिवशी तिने लग्नातला शालू समोरच्या बाईंच्या मुलीला देऊन टाकला. आई चिडली. वहिनी शांतपणे म्हणाली, "मला काय करायचाय आता?"

तेव्हा मला आठवलं. दादानेही जाण्याआधी मला लाइटबिलं कुठे आहेत ते असंच नीट दाखवलं होतं.

स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे मानसोपचाराची ओपीडी होती. आई म्हणाली, "ता काय येडा झाला हा? गावाक जाऊन देवाक कौल लावूया." तरी मी वहिनीला घेऊन गेलो, आणि रांगेत उभा असताना आपण बरोबर करतोय की तिची शोभा करतोय, हेच मनात घोळत होतं.

डॉक्टरांच्या आधी एक समाजसेविका बोलायच्या. साधी सुती साडी, आवाज घरगुती. झोप, जेवण विचारून झाल्यावर त्यांनी वहिनीला विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला?"

मी खुर्चीतून उठलोच. "बाई, असं काय विचारता? नसलेलं डोक्यात भराल तिच्या."

"विचारून कुणाच्या डोक्यात भरत नाही. तुम्ही बसा," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वहिनीकडे बघत राहिल्या.

वहिनी म्हणाली, "रोज वाटतं. मग आईंचा चहा राहिलेला असतो." आणि ती रडायला लागली. 'हार्ट' सांगितल्यापासून पहिल्यांदा.

औषधं लिहून दिली, दर आठवड्याला यायला सांगितलं. मला बजावलं, सध्या एकटं ठेवू नका, घरात धोक्याचं काही असेल ते हलवा, आणि दादाचा विषय निघाला तर बदलू नका.

घरी आईने विचारलं, काय म्हणाला डॉक्टर. मी शब्द जुळवत होतो, तर वहिनीनेच सगळं सांगितलं, तो प्रश्नसुद्धा. आई पदराचा काठ चाचपू लागली. मग म्हणाली, "माझ्या झिलाक कोणीच इचारूक नाय."

तिने उठून डब्यातला नारळ काढला, ट्रंकेतला दादाचा फोटो काढून शेल्फवर ठेवला. बायकांना गाऱ्हाणं घालताना मी कधी पाहिलं नव्हतं. "बा देवा म्हाराजा, माझ्या झिलान जीव दिल्यान. ता मी हय सांगतंय. आता ह्या चेडवाक संबाळ."

साथ द्यायला आम्ही दोघंच होतो. "व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. तो आवाज ब्लॉकमध्ये फार लहान वाटला.

वहिनी आता साकीनाक्याला एका वर्कशॉपात पॅकिंगला जाते. मध्येच वाईट दिवस येतात, तेव्हा ती आपण होऊन सांगते आणि आम्ही ओपीडी गाठतो. विचारलं असतं तर दादा राहिला असता का, हे मला माहीत नाही. उत्तर हो असलं तरी सहन होणार नाही, नाही असलं तरीही.

चाळकऱ्यांनो, आपल्या चाळीला मी अजून घर म्हणतो, पण तिथे आलो की दादाचं नाव माझ्या तोंडून निघत नाही. इकडे सकाळी चहा ओतताना वहिनी विचारते, "भाऊजी, आज कसं आहे? खरं सांगा." मी म्हणतो, "काही कळत नाही, वहिनी." ती "बरं" म्हणते, आणि स्वतःचा कप घेऊन समोर बसते.