तीनचं चामडं

चामड्याच्या बॅगेत पुठ्ठा घालणाऱ्या माणसाचा मला राग येतो. मुंबईत बॅगांच्या कारखान्यात अकरा वर्षं मी स्वतः तेच केलंय, म्हणून जास्तच येतो. पातळ चामडं, आत पुठ्ठा, वरून चकाचक. दुकानात ती बॅग नवरदेवासारखी ताठ बसते आणि आमच्या रत्नागिरीत एक पावसाळा काढला की आतला पुठ्ठा ओल धरतो, फुगतो, कुजतो. गावी परत येऊन माळनाक्याजवळ स्वतःचं बारकंसं दुकान टाकलं, तेव्हा ठरवूनच टाकलं की माझ्या बॅगेत पुठ्ठा नाही. चामडं उभं राहील ते स्वतःच्या जोरावर. लोक हसायचे. म्हणायचे, पुठ्ठ्याने काय तुझं घोडं मारलंय रे?

एक वकीलबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांची लेक नुकतीच वकील झाली होती, तिच्यासाठी हाताने शिवलेली ब्रीफकेस हवी होती. म्हणाल्या, "माझी सगळी वकिली रेक्झीनच्या पिशव्यांत गेली. हिची बॅग हिच्याबरोबर म्हातारी व्हायला हवी. पुठ्ठा नाही म्हणता, तर शब्द द्या." मी दिला. लहान गावात धंदा शब्दावरच चालतो, आणि कोर्टातल्या बाईला दिलेला शब्द म्हणजे अख्ख्या कोर्टाला दिल्यासारखाच.

जाडी ठरवायला आम्हाला तासभर लागला. बाईंना बॅग हलकी हवी होती. मी दोन, तीन आणि चार मिलिमीटरचे वीतभर तुकडे त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हटलं, वाकवून बघा. दोनचं हाताला छान मऊ लागलं, पण टेबलावर उभं केलं तर लगेच मान टाकली त्याने. चारचं उभं राहिलं खरं, पण झाकण दुमडतं तिथे वाकवल्यावर वरच्या अंगाला बारीक चिरा दिसायला लागल्या. शिवाय वजन! मी म्हटलं, "बाई, ही घेऊन पोरगी कोर्टाचा जिना चढली तर वर जाऊन बोलायला दम उरायचा नाही." त्या खळखळून हसल्या. मग तीनचं ठरलं. पाठ आणि झाकण एका अखंड तुकड्यात, मध्ये जोड नको. बाजूच्या घड्या पावणेदोनच्या, कारण त्यांना मिटायचं असतं. अस्तर शेळीच्या चामड्याचं, पाऊण मिलिमीटर. बाईंनी तीनचा तुकडा अंगठ्याने दाबला आणि म्हणाल्या, "हेच."

चामडं आलं आणि त्याच आठवड्यात मी स्कूटरवरून पडलो. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. आता कापणार कोण? भावोजी.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुबईतली नोकरी सुटल्यावर दीड वर्षं घरी बसून होते. ताई पहिल्यापासून माझ्या बॅगांची अस्तरं शिवायची. एक दिवस ती म्हणाली, "ह्यांना काहीतरी शिकव रे, भिंतीकडे बघत बसतात." मी शिकवलं, हातचं काही राखलं नाही. चामडं कापायची रापी कशी धरायची, कातड्याचा पाठीचा भाग कोणता आणि पोटाचा कोणता, जाडी कशी मोजायची. पण जावईमाणसाला शिकवायचं म्हणजे मोठा ताप हो! आमच्याकडे जावई आला की अजूनही वडील खुर्ची सोडतात. दुसरा कोणी असता तर 'मेल्या, डोळे काय गहाण टाकलेस?' म्हणून मोकळा झालो असतो. इथे आपलं, "भावोजी, रापी जरा आडवी धरता का?" चुकलं की, "चालेल, चालेल."

ताईच्या घरून तुकडे तयार होऊन आले. अस्तर शिवलेलं, कडा रंगवून घोटलेल्या. मी डाव्या हाताने जाडी मोजायचं गेज लावून चारी बाजू मोजल्या. पावणेचार. चामडं तीन, अस्तर पाऊण, हिशेब चोख. आता या गेजचं तोंड कडेपासून इंचभरच आत जातं. मधला भाग दाबून, वाकवून, कानाशी धरून बघावा लागतो आणि मी तो बघतोच. त्या दिवशी नाही बघितला. जावयाने केलेलं काम मागेपुढे वाकवून तपासायचं म्हणजे त्यांच्या ताटातला घास उचलून बघण्यासारखं वाटलं मला. "वा भावोजी!" म्हटलं आणि बॅग जोडायला सांगितली.

बॅग दिली तेव्हा बाईंनी पेढे दिले. चार महिने मी ताठ मानेने फिरत होतो. मग एके दिवशी बाई एकट्याच आल्या आणि त्यांनी बॅग टेबलावर ठेवली. लेकीची पाण्याची बाटली आत सांडली होती. पाठीमागची बाजू गालफुगी झाल्यासारखी फुगून आली होती.

मला वाटलं, अस्तराचा गोंद सुटला असेल. "आत्ता बघूया की, तुमच्यासमोरच," असं मोठ्या रुबाबात म्हणत मी अस्तराची शिवण उसवली. हात दाखवून अवलक्षण! आत पुठ्ठा. कुठल्यातरी पंख्याच्या खोक्याचा, त्यावर पंख्याचं अर्धं पातं छापलेलं. वरचं चामडं जेमतेम दीड मिलिमीटर. आणि पुठ्ठ्याच्या चारी बाजूंनी जाडी भरून काढायला चामड्याची पट्टी चिकटवलेली, बरोबर एक इंच रुंद. माझं गेज जितकं आत जातं तितकीच.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पुठ्ठा अंगठ्याने दाबून बघितला. मग म्हणाल्या, "खोटं बोलणारी माणसं मी रोज बघते हो. तुम्ही त्यातले वाटला नव्हतात."

मी केलं नाही हे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण मग कोणी केलं, हेही सांगावं लागलं असतं. घरच्या जावयाचं नाव चव्हाट्यावर मांडू? नाही मांडलं. दुसरी करून देतो म्हटलं, तर त्यांनी फक्त हात हलवला आणि बॅग तिथेच टाकून निघून गेल्या.

तळपायाची आग मस्तकात गेली होती. दुकान ओढून घेतलं आणि बॅग काखेत मारून ताईच्या घराकडे चालत निघालो. वाटेत भावोजींचा मनातल्या मनात उद्धार चालला होता. ज्याच्या हातात रापी दिली त्यानेच केसाने गळा कापला! चढाव अर्धा चढलो आणि एकदम थांबलो. पुठ्ठा आधी बसतो, अस्तर नंतर. मी मघाशी उसवलेली शिवण ताईची होती. समोरच्या दगडी गडग्यावर टेकलो तो किती वेळ, कोण जाणे.

ताई मागच्या पडवीत कोळंबी सोलत बसली होती. भावोजी बाजारात गेले होते. मी उसवलेली बॅग तिच्यापुढे ठेवली. "काय गो हे?"

तिने नाटक नाही केलं. हात धुऊन आत गेली आणि खाटेखालून जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आली. सोडलं. माझं तीनचं चामडं होतं. पाठ वेगळी, झाकण वेगळं, नेमकं दुमडीवर कापलेलं. अखंड ठेवायचा तोच तुकडा.

"पहिल्याच दिवशी चुकलं," ती म्हणाली. "दोन दिवस जेवले नाहीत रे ते. मग बॅगेचं हे पातळ चामडं गुपचूप विकत आणलं, तीनचं कुठून परवडणार?"

"मग मला सांगायचं! दुसरं चामडं आणलं असतं!"

"आणलं असतंस. आणि त्यांना एका शब्दाने बोलला नसतास. तेच नको होतं त्यांना. परत कुणाची तरी दया."

"आणि ही इंचाची पट्टी? ही अक्कल त्यांची?"

तिने पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "माझी. तू कुठपर्यंत मोजतोस ते मी इतकी वर्षं बघत्येय."

आईच्या मागे जिच्या हातचं जेवून वाढलो, तिने हे बसून, विचार करून, मापाने केलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं, अजून काय! मला रडू आवरेना, आणि त्याचीही चीड आली.

"ताई, त्या बाई मला खोटारडा म्हणून गेल्या. उद्या सगळं कोर्ट म्हणेल. भावोजींची मान खाली जाऊ नये म्हणून तू माझी घालवलीस?"

तिने पदराने माझे डोळे पुसले. पदराला कोळंबीचा वास येत होता. "त्यांचं तसं नाही रे," ती म्हणाली. "तुझं काय, तू तर माझाच आहेस ना."

हे ती इतक्या मायेने म्हणाली, की मला तिच्यावर ओरडताही आलं नाही.