दुपारचा पहारा

आमच्या गावच्या सप्त्यात सात दिवस देवाचं नाव थांबत नाही. वाडीतल्या प्रत्येक घराला तीन-तीन तासांचा पहारा वाटून दिलेला असतो. देवळात समईभोवती फेर धरायचा, हातात टाळ, तोंडी हरिनाम, आणि पुढचा माणूस हात पुढे करेपर्यंत टाळ खाली ठेवायचे नाहीत. आमच्या घराला बारा ते तीन. म्हणजे जेवून सगळा गाव आडवा होतो ती वेळ.

खरं तर पहारा माझ्या बायकोचाच. तिचा गळा गोड. मी जन्मभर एसटीत कंडक्टर, ओरडून ओरडून आवाजाची पार वाट लागलेली, तेव्हा मी तिच्या मागून नुसते टाळ कुटायचो. दोन वर्षांमागे तिच्या गळ्याला गाठ आली. तुकडा काढून तपासायला दिला, आणि गोव्याच्या इस्पितळातून रिपोर्ट मिळायचा दिवस नेमका आमच्या पहाऱ्याचाच निघाला. मी सोबत जायला चपला घातल्या, तर तिने मला उंबऱ्यावरच अडवलं. तिचा भाऊ अंगणात येऊन थांबलाच होता.

"भाव येता माज्यावांगडा. तुमी पारो सांबाळा."

"आग लागो त्या पाऱ्याक," मी म्हणालो. तिने फक्त बघितलं. त्या बघण्यापुढे माझं आजवर कधी चाललेलं नाही.

चडफडतच देवळाकडे निघालो आणि वाटेत देवाशी सौदा करून टाकला. मी तुझा पहारा सांभाळतो, तू तिचा गळा सांभाळ. असा सौदा करताना मला लाज वगैरे काही वाटली नाही.

पायरीवर शेजारची काकी वाती वळत बसली होती. हिचा एकुलता मुलगा होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. तरी सप्त्यात रोज दुपारी ही हजर, कुणाचाही पहारा असो. आत आधीच्या घरचं नाव अजून चालू होतं. माझं डोकं फिरलेलंच होतं, त्यात ही समोर सापडली.

"काकी, इतकी वर्सां येतंस. देवान तुका काय दिल्यान गो?"

तिने जरा विचार केला. "चाय दितत रे चार वाजता."

ती थट्टा करत होती की काय, मला कळेना. बाराला मी टाळ घेतले.

तोंडाने हरिनाम आणि डोळा खिशातल्या फोनवर. देवळात रेंज नाही, ती फक्त दाराशी, जांभ्याच्या खांबाजवळ. त्यामुळे माझा फेर हळूहळू दाराकडे सरकायला लागला. समई एकीकडे आणि मी भलतीकडे. काकी आत येऊन बारीक आवाजात मागून नाव घेत होती. मी दाराशी रेंगाळलो की ती पुढे जायची, मग मलाच ओशाळून तिच्या मागे धावावं लागायचं. एक वाजला. दीड वाजला. आता बोलावलं असेल, आता डॉक्टर बोलत असेल. मध्येच माझं हरिनाम चुकलं, तर काकीने मागे न बघता ते तसंच पुढे नेलं.

दोन वाजून गेल्यावर दाराशी फोन वाजला. मी टाळ काकीच्या हातात कोंबले आणि बाहेर धावलो.

"रिपोर्ट गावलो," बायको म्हणाली. "गाठ वायट आसा म्हणतत. काढूक होयी."

"आणि आवाज?"

"तां आताच सांगूक येणा नाय."

मी जांभ्याच्या खांबाला टेकलो. मग तिला बहुतेक फोनमधून आतलं ऐकू आलं.

"नाम कोण घेता?"

"काकी."

"एकटी?"

"हां."

"मगे तुमी भायर काय करतास? तिचो गळो बसात. जावा आत."

फोन तिनेच ठेवला. मला त्या पायरीवर बसून रडायचं होतं आणि देवाला चार शब्द सुनावायचे होते. गळा जायचा तो हिचा, आणि हिला काळजी कुणाच्या गळ्याची! इतका राग मला तिचा कधी आला नव्हता, आणि इतकी माया पण कधी वाटली नव्हती.

सौदा तर मोडलाच होता. मी आत गेलो. काकीचा आवाज खरोखरच बसायला आला होता.

"बस गो काकी," म्हटलं, "जरा पाणी पी."

तिच्या हातून टाळ घेतले आणि माझ्या फाटक्या आवाजात, बायको लावते त्या चालीत, नाव उचललं. चिडलेलो होतोच, अजूनही आहे. पण समई सोडून दाराकडे गेलो नाही. तीन वाजायला अजून पाऊण तास होता.