तुळशीरामचा होकार

"राम राम भाऊ. मी उद्या तुमच्या गावाले येऊन राहिलो. घरीच राहा, वाट पाहा."

सुगंधाबाईंनी फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि पदर तोंडाला लावला. आवाज चाळिशीतल्या पुरुषाचा होता. मोकळा, जरासा घोगरा. पुढे कुठल्याशा खताच्या गाडीची माहिती होती.

"हा माहा मालक व्हय, वकीलबाई," त्या म्हणाल्या. "त्यायले जाऊन वर्स होत आलं."

भंडाऱ्याच्या कोर्टात वकिली करून मला वीस वर्षं झाली. बांधाची भांडणं पाहिली, वाटण्या पाहिल्या. मेलेला माणूस फोन करतो, ही तक्रार पहिलीच.

हकीकत साधी होती. अड्याळकडच्या एका तलावाकाठच्या गावात हे कुटुंब मासेमारी करतं. तुळशीराम तिथल्या मच्छीमार संस्थेचा सचिव होता. आवाज असा, की तलावाच्या एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावरचा डोंगा वळायचा. त्याला एक वेबसाइट सापडली. आपल्या बोलीतली वाक्यं तिथे वाचून द्यायची, त्यावरून कॉम्प्युटर आपली बोली शिकतो. त्यानं हौसेनं शेकडो वाक्यं वाचली. पुढे जानेवारीत छातीत कळ येऊन तो गेला. दिवाळीनंतर गावातले फोन वाजू लागले, आणि त्यांत त्याच्याच आवाजात जाहिराती येऊ लागल्या.

"लोकं भ्याले," सुगंधाबाई म्हणाल्या. "पण मले भेव सासूचं आहे."

सासू गोदाबाई. पंचाहत्तरी उलटलेली, नजर अधू. तिनं तो आवाज ऐकला, धुतलेलं लुगडं नेसली आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसली. पोरगा यायचा होता. दुसऱ्या फोनला तेच. तिसऱ्या वेळी ती पाण्यात उतरली. कंबरभर पाण्यात उभी राहून हाका मारत होती. जाळी टाकणाऱ्यांनी ओढून काढली.

"घरचा फोन बंद ठेवा," मी म्हणाले.

"ठेवला ना. पण शेजारच्या आंगनात वाजते. तिले तेवढंबी पुरते."

मी त्या वेबसाइटच्या कंपनीला नोटीस पाठवली. आठ दिवसांत त्यांच्या लीगल डिपार्टमेंटमधल्या एका साहेबांचा फोन आला. अत्यंत नम्र माणूस.

"मॅडम, आमच्या टर्म्स ऑफ यूजमधलं शेवटून दुसरं कलम वाचा. भंडाऱ्याच्या कोर्टाला अधिकारच नाही."

वेबसाइट वापरण्यापूर्वी आपण 'आय अ‍ॅग्री' दाबतो, त्याच्या पोटात या टर्म्स, म्हणजे अटी असतात. त्यांच्या तळाशी दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, गव्हर्निंग लॉ: भांडण झालं तर ते कोणत्या देशाच्या कायद्यानं तोलायचं. दुसरी, ज्युरिस्डिक्शन: ते कोणत्या गावच्या कोर्टात चालवायचं. त्यात 'एक्सक्लुझिव्ह' हा शब्द असला, तर अर्थ होतो 'फक्त तिथेच'. या कंपनीच्या अटींत समुद्रापलीकडचा एक देश होता. कायदा तिथला, कोर्टही फक्त तिथलंच. सुगंधाबाई तोवर नागपूरच्या पलीकडे गेल्या नव्हत्या.

मी तुळशीरामचा फोन मागवून घेतला. नाव नोंदवलं त्या दिवशी कंपनीनं त्याला अटींची प्रत मेलवर पाठवली होती. ती वेगळीच निघाली. त्यात कायदा भारताचा होता आणि कोर्ट वापरणाऱ्याच्या राहत्या जिल्ह्याचं. शिवाय आवाज फक्त भाषा शिकवण्यासाठी वापरू, असं स्वच्छ लिहिलं होतं. खताच्या जाहिरातीचा उल्लेखही नव्हता.

मी साहेबांना फोन केला.

"अटी नंतर बदलल्या, मॅडम. आणि तुमच्या क्लायंटच्या पतीनं नव्या अटी स्वीकारल्या आहेत. रेकॉर्ड आहे."

"कधी स्वीकारल्या?"

"यंदाच्या ऑगस्टमध्ये."

मी मृत्यूचा दाखला पुढे ओढला. जानेवारी. पुन्हा वाचला. जानेवारीच.

"साहेब, ते रेकॉर्ड मला पाठवा," मी एवढंच म्हणाले.

रेकॉर्डची ऑडिओ फाइल दुसऱ्या दिवशी भर दुपारी आली, तेव्हा सुगंधाबाई समोरच बसल्या होत्या. मी फाइल लावली. यंत्रातल्या बाईनं पुस्तकी मराठीत विचारलं, "आमच्या अटी बदलल्या आहेत. आपणांस मान्य आहेत का? मान्य असल्यास हो म्हणा."

थोडी खरखर. मग तुळशीराम म्हणाला, "हो. मंजूर. चाला समोर."

बाहेर वकिलांच्या बार रूममध्ये लोक चहा पीत होते, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. सुगंधाबाई पुढे सरकल्या.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

मी लावली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्या खाली बघत म्हणाल्या, "हे मीच केलं, वकीलबाई."

तुळशीराम संस्थेच्या सभा फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचा. एकेक ठराव वाचायचा आणि म्हणायचा, हो, मंजूर, चाला समोर. तो गेल्यावर सुगंधाबाई रोज दुपारी भात कांडताना घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर त्या सभा लावत. तुळशीरामचा फोन शेजारीच चार्जिंगला असायचा.

"एक दिवस त्यायचा फोन वाजला. मी उचलून तसाच ठेवला, त कोनी बाई बोलली. मले वाटलं, कंपनीवाली आसंल. मी काहून लक्ष देऊ?"

म्हणजे बाईनं प्रश्न विचारला आणि शेजारच्या मोबाईलमधून तुळशीरामनं कुठल्यातरी जुन्या ठरावाला मंजुरी दिली. यंत्रानं आवाज जुळवून पाहिला. जुळला. नोंद झाली.

आता दाव्याची मांडणी जपून करायची होती. मेलेल्या माणसाच्या आवाजावर कुणाचा हक्क, याबाबत आपला कायदा अजून पक्का नाही. म्हणून मी जिवंत माणसांच्या नावानं दावा लावला. सुगंधाबाई आणि गोदाबाई. त्रास त्यांना, त्यांच्या घरात, याच जिल्ह्यात होत होता.

कंपनीच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला हरकत घेतली. करार झाला आहे, तो वारसांना बांधतो, परदेशी कोर्टात जा. मी कोर्टात फाइल वाजवायची परवानगी मागितली. तो आवाज आला आणि मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. पट्टेवाल्यानं दाराकडे वळून पाहिलं.

न्यायाधीश साहेबांनी नोंदीचा कागद आणि मृत्यूचा दाखला शेजारी शेजारी ठेवले.

"वकील साहेब, हा होकार दिला तेव्हा हे गृहस्थ कुठे होते?"

"सिस्टिमप्रमाणे घरी होते, सर."

"आणि दाखल्याप्रमाणे?"

वकील साहेबांनी फाइल मिटली.

आदेशात तीन मुद्दे होते. करार करायला माणूस जिवंत असावा लागतो, म्हणून नव्या अटी प्रथमदर्शनी लागू नाहीत. जुन्या अटींप्रमाणे हे कोर्ट चालतं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत आवाज बंद ठेवा. दोन महिन्यांत कंपनी तडजोडीला आली आणि भारतातल्या सेवांमधून तो आवाज काढल्याचं शपथपत्र दिलं. 'भारतातल्या' हा शब्द मी खोडून मागितला होता. त्यांनी खोडला नाही. कोर्टाचा आदेश कोर्टाचा हात पोचतो तिथवरच. पलीकडे तुळशीराम कुणाच्या दारी काय बोलतो, मला माहीत नाही. त्याचा विचार मी सहसा करत नाही.

आदेशाची नक्कल न्यायला सुगंधाबाई आल्या, तेव्हा मी सासूबाईंची चौकशी केली.

"महिनाभर वाट पाह्यली तिनं. मंग मले म्हणे, तो आता बोलत काहून नाई? मी हात धरून सांगितलं, माय, तो गेला. त्या दिवशी बुढी रडली. तेरवीलेबी रडली नव्हती." त्यांनी नक्कल पिशवीत घातली. "आता जेवते. पाळीवर नाई जात."

तेव्हापासून असा मामला आला की मी कलम नंतर वाचते. आधी विचारते, होकार कधी दिला, आणि देणारा तेव्हा होता का. लोक हसतात. मी उत्तर लिहून घेते.