भिकुमावशीचं रडणं

आमचा ज्ञानेश्वर जळगावात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो, याचं सगळ्या नात्यागोत्याला कोण कौतुक! मला नव्हतं. मी त्याचा मावसभाऊ, पाइपांच्या धंद्यातला माणूस. तो काय काम करतो असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "फोनला बोलणं शिकवतो. घरात मात्र तोंड उघडत नाही."

काम खरंच तसलं होतं. माणसं बोलतील ते यंत्राला समजलं पाहिजे, म्हणून माणसांचे आवाज गोळा करायचे. साहेबांशी भांडून त्याने त्यात आपली अहिराणी घुसवली, एवढ्यासाठी मी त्याला मानतो. पण गावोगाव फिरला आणि हात हलवत परत आला. एरवी गल्ली दणाणून सोडणारी माणसं फोन समोर धरला की ताठ बसत आणि शाळेतल्या भाषणासारखं सुरू करत, "माझे नाव पुना आहे. मी शेती करतो." फोन म्हणजे साहेब, आणि साहेबासमोर आपली बोली काढायची नाही, हे आमच्या हाडात मुरलंय. ज्ञानेश्वर वैतागून म्हणायचा, "आपण आपली भाषा चपलेसारखी दाराबाहेर काढून आत जातो." पण आम्ही दोघं तरी एकमेकांशी काय बोलत होतो? शहरी मराठी. अहिराणीत फक्त शिव्या.

राहिली त्याची आई, माझी भिकुमावशी. पारोळ्याजवळच्या गावात एकटी राहायची. मयताच्या घरी हेल काढून रडावं तर मावशीनेच. गल्लीच्या तोंडापासून तिचा सूर लागायचा. गेलेल्या माणसाला हाका मारत ती त्याचं सगळं आयुष्य रडण्यात सांगायची. त्याने खणलेली विहीर, त्याच्या हातून गेलेली बैलजोडी, बायकोशी धरलेला अबोला, घरच्यांना नको असलेलंही सगळं. ऐकता ऐकता कोरडी माणसं फुटायची. तिच्यानंतरच्या कुणालाच हे येत नव्हतं. लेक दिपमाला सुरतेला दिलेली, तिला तर त्याची लाज वाटायची.

ज्ञानेश्वरला वाटलं, अहिराणी अजून कुणाला भीत नाही अशी हीच एक जागा उरलीय. एकदा मी सोबत असताना तो म्हणालाच, "माय, थोडं रडून दाखव ना."

मावशीने हातातलं सूप खाली आपटलं. "घरमा कोन मरेल शे का? जित्ता घरमा रडू नही भाऊ."

"अगं, फक्त रेकॉर्ड करायला."

"मी मरसू तवय ऐकजो."

"तेव्हा तुझ्यासाठी कोण रडेल?"

मावशी सूप उचलून पाखडायला लागली. माझं डोकंच फिरलं. आईला असं विचारतात का? पण ज्ञानेश्वरने ते हिणवायला विचारलं नव्हतं, त्याला खरंच ती काळजी लागली होती.

हिवाळ्यात गावात लोटननाना वारले. ज्ञानेश्वर मावशीला घेऊन सांत्वनाला, दारावर बसायला गेला. पुरुष बाहेर ओट्यावर, बायका आत. म्हणून त्याने फोन चालू करून गुपचूप मावशीच्या पिशवीत सरकवला. परत आल्यावर मला खुशीत सांगत होता, दिपमालालाही फोनवर सांगून झालं होतं.

"लाज नाही वाटत? मयताच्या घरात चोरी?" मी म्हणालो.

"तिच्यानंतर हे राहणार नाही रे. मला ते राहायला हवंय." त्याचे डोळे भरले होते, म्हणून मी आवरतं घेतलं.

"मग ऐकव तरी."

"नको. ती आहे तोवर नाही. जित्त्या घरात रडणं लावायचं नाही."

एवढा शिकलेला माणूस, पण हे मात्र त्याने पाळलं. आणि मला तेव्हा ते आवडलं.

होळीच्या आधी मावशी गेली. अंगणात बसल्या बसल्याच. भावकीतल्या सुना-पुतण्या रुमालात हुंदके देत होत्या, कुणीतरी स्पीकरवर भजन लावलं. जिने सगळ्या गावाला रडून पोचवलं, तिला आम्ही असं मुकं नेलं. मला त्याचा संताप आला होता, अजून येतो.

राख सावडून आलो तेव्हा दिपमाला म्हणाली, "दादा, मायचा आवाज आहे ना तुझ्याकडे? लाव. तिच्यासाठी तिचंच रडणं लाव."

गल्लीतल्या बायका जमल्या. ज्ञानेश्वरने दिव्याशेजारी फोन ठेवला.

आवाज लख्ख होता. "सरक वं जराशी," मावशी म्हणाली. दुसरी एक बाई कुणाला तरी पाणी आणायला सांगत होती, "पानी लई ये." मग मावशी, "चहा नको माले." रडणं कुठेच नाही. ज्ञानेश्वरने पुढे केलं, मागे केलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं?" मी विचारलं.

"माझा प्रोग्राम आवाज साफ करतो," तो हळू म्हणाला. "पंखा, कुत्रं, ट्रॅक्टर, जे जे बोलणं नाही ते कापून टाकतो. हेल काढलेलं रडणं त्याला बोलणं वाटलंच नाही, तेही कापलं त्याने."

"मग मूळ आवाज काढ."

"मूळ पुसला जातो. फोन भरू नये म्हणून. मीच तसं लिहिलंय."

फोन चालूच होता. आता मावशीचा आवाज अगदी जवळून आला. तिने तोंड पिशवीत घातलं असावं. जन्मात पहिल्यांदा ती फोनशी बोलत होती, आणि बिनदिक्कत आपल्या बोलीत.

"भाऊ, तुन्हा फोन पिशवीमा शे, माले दखास. तू इचारं व्हतं ना, मन्हाकरता कोन रडी? म्हनीसन आज लोटननानासंगे मी मन्हं बी रडी लिधं. ते ऐकी ले."

पुढे काहीच नव्हतं. ती स्वतःसाठी रडली होती, तेही कापलं गेलं होतं. ज्ञानेश्वर जमिनीवर कपाळ टेकून पडला. त्याला उठवायला माझे हात पुढे होईनात.

बायका पदर तोंडाला लावून फोनकडे बघत बसल्या होत्या. त्यांना वाटलं, आता सुरू होईल.