महालक्ष्म्यांच्या गोळ्या

आमच्या घरी महालक्ष्म्यांच्या सामानाच्या यादीत गोळ्याही असतात. कापूर, उदबत्ती, कापसाची वस्त्रं आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचं एक पाकीट. त्यात लपवायचं काही नाही, सासूबाईच मेडिकलमधून आणायला सांगतात. सोळा भाज्या, पुरण, कडक सोवळं आणि करणाऱ्या सुना दोनच. एक बाहेरची झाली की दुसरीचं कंबरडं मोडतं.

त्या वर्षी लहान जाऊ म्हणाली, "ताई, मी तर पोर नको म्हणून रोजचीच गोळी घेऊन राहिली. त्याच्यावर हे चालते का?"

"एवढ्यानं काय होते वं? मी नाही घेत का दरसाल?" म्हणत मी तिच्या तळहातावर गोळी ठेवली. डॉक्टरला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आदल्या रात्री भाज्या निवडताना तिनं मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली. बायकोला दिवस जाऊ नयेत म्हणून आता पुरुषांसाठीही हार्मोनचं औषध येणार, खांद्याला चोळायचं. चाचण्या सुरू आहेत म्हणे. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

"आठवणीनं लावतीन का हे लोक?" ती म्हणाली. "शेवटी निस्तरा आपणच."

मी म्हटलं, "अन् नकोच वं माय! त्याइच्या अंगाले काही झालं तर? दिवसभर मशीनवर उभे राहतात." आमचे नवरे, दोघे भाऊ, हिंगण्याला कंपनीत आहेत.

विसर्जनानंतर चौथ्या दिवशी तिची पोटरी सुजली. तीन दिवस उभी होती, थकली असेल, असं धरून मी तेल चोळून दिलं. मूर्खासारखं! दोन दिवसांनी भांडी घासता घासता तिला श्वास घेता येईना.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या गोळ्या सुरू होत्या? दीर माझ्याकडे बघत राहिला. त्याला रोजच्या गोळीचाही पत्ता नव्हता. सगळं मलाच सांगावं लागलं, सासूबाईंसमोर. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती.

वाचली बिचारी. पण डॉक्टरांनी बजावलं, हार्मोनची गोळी पुन्हा कधीच नाही, आणि इतक्यात दिवस राहिले तर जिवावर बेतेल.

घरी आणल्यावर दीर तिच्या पलंगाशी बसला. खाली मान घालून म्हणाला, "आता माझ्यावर सोड. ते माणसांचं औषध आलं तर मी घेतो. नाही तर ऑपरेशन करून घेतो." आमच्या घरात असं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मला रडूच फुटलं.

तिला धड बसताही येत नव्हतं. तरी कोपरावर उठली.

"काही नको," ती धापा टाकत म्हणाली. "तुमच्या अंगाले काही झालं तर? दिवसभर मशीनवर उभे राहता."

सासूबाईंनी मान डोलावली. शब्द माझेच होते. तिच्या हातावर गोळी ठेवताना मात्र मला ते सुचले नव्हते.