अप्पांनी न शिवलेल्या सीटा

माझ्या आजोबांनी त्या गाडीच्या सीटला हात लावला नव्हता.

हे आधी लिहिते, कारण कालपासून उलटंच फिरतंय.

अप्पा काल सकाळी गेले. दुपारपर्यंत चिटगुप्प्याच्या मालकांच्या, म्हणजे आमच्या गावच्या जमीनदारांच्या, नातवाची पोस्ट आली. हिरव्या विलायती स्पोर्ट्स कारचा फोटो, बाजूला अप्पांचा. खाली लिहिलंय, "या गाडीच्या देखण्या लेदर सीट्स यांच्या हातच्या. चामड्याची पिढीजात कला आज हरपली."

पिढीजात कला.

मी सकाळपासून ही दोन अक्षरं... दोन शब्द वाचतेय.

आता नीट सांगते. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. जे अप्पांनी आणि आजीनं सांगितलं तेवढंच लिहिते.

ती गाडी निजामाच्या काळात हैदराबादच्या एका बड्या अधिकाऱ्यानं विलायतेहून मागवली होती. दोन दारं, लांब नाक, तारांची चाकं. तो निघून गेला तेव्हा मालकांच्या वडिलांनी ती घेतली. नंबराची पाटी हैदराबाद राज्याची होती, छप्पन्नला आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला तशी ती म्हैसूरची झाली. मग सुटे भाग मिळेनात, आणि गाडी कडब्याच्या शेडमध्ये गेली.

वर्षानुवर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या.

ऐंशीनंतर कधीतरी मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं. वरात याच गाडीतून काढायची असं मालकांच्या मनात आलं. अप्पा सरकारी बस डेपोत मेकॅनिक होते. मालकांनी त्यांना बोलावलं आणि शब्द दिला, "गाडी चालू कर. वरातीत तूच चालवायची."

अप्पांना दुसरं काही नकोच होतं. आजी म्हणते, त्या दिवशी ते जेवायचं विसरले.

सुट्टीचा प्रत्येक दिवस त्या शेडमध्ये गेला. गाडीचा पत्रा ज्या लाकडी सांगाड्यावर बसवलेला होता, तो वाळवीनं खाल्ला होता. विलायतचं लाकूड चिटगुप्प्यात कुठून आणणार? अप्पांनी सुताराला धरून बाभळीचा नवा सांगाडा केला. आपल्याकडे बैलगाडीला लागतं तेच लाकूड. सुतार म्हणाला, "आता पुढं बैल बी जुपा."

इंजिन चालू झालं. सीट तर नव्हत्याच, उंदरांनी आतला काथ्यासुद्धा ठेवला नव्हता. अप्पांनी ज्वारीची रिकामी पोती घडी करून टाकली, वर बसले, आणि हुमनाबाद रोडला फेरी मारून आले.

आणि मग मालक म्हणाले, "आता सीटा तेवढ्या शिव. चामडं मी मागवतो."

अप्पा म्हणाले, "इंजन म्हणा, लाकूड म्हणा, करतो. चामडं न्हाई."

"कामून? तुला तर जातीनंच येतंय की."

हे मालक रागानं बोलले नाहीत. हसत, कौतुकानं बोलले. त्यांच्या नातवानं काल लिहिलं, अगदी तसंच.

माझे पणजोबा गावची मेलेली ढोरं ओढायचे, कातडी काढायचे. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी सुरी मातीत पुरली. गावानं किराणा बंद केला, दळण बंद केलं. तरी ती सुरी परत वर आली नाही. अप्पा तेव्हा लहान होते. बापानं त्यांच्याकडून एकच कबूल करून घेतलं होतं, त्या कामाला परत हात लावायचा नाही.

आणि शिवणं? ते तर आमच्या घरात कधी कुणाला येतच नव्हतं. ढोरं ओढणारी जात वेगळी, चामडं शिवणारी वेगळी; मालकांना तेवढाही फरक माहीत नव्हता.

अप्पा म्हणाले, "जातीनं कायबी येत न्हाई, मालक. ही गाडी मला जातीनं आली का? डेपोत शिकलो."

"मग वरातीत पोरानं बसायचं कशावर?"

"पोत्यावर बसवा. मी बसलो न्हाई का?"

आजी सांगते, एवढं बोलून त्यांनी हातातला पाना फेकला. अप्पा म्हणायचे, ठेवला. मी दोन्ही लिहिते.

गाडी सीटांसाठी हैदराबादला गेली. तिथल्या कुणा कारागिरानं त्या शिवल्या. त्याचं नाव आम्हाला माहीत नाही. मालकांच्या नातवालाही नाही, म्हणून त्याचं काम उचलून आमच्या जातीच्या नावावर टाकलं. त्या माणसाचंही हे हिरावून घेणंच आहे.

वरातीत गाडी दुसऱ्यानंच चालवली.

अप्पा बाजारात चहाच्या टपरीपाशी उभे होते. गाडी समोरून गेली. आजीला म्हणाले, "गिअर उशिरा टाकायलाय." आणि घराची वाट धरली.

काल मी त्या पोस्टखाली नीट, नम्रपणे दुरुस्ती लिहिली. उत्तर आलं, "ताई, कौतुकच केलंय ना? रागावता कामून?" थोड्या वेळानं माझी कमेंट गायब झाली.

पोस्ट आहे.

बाबा म्हणतात, सोड, घरात माणूस गेलंय, आज वाद नको. बाबा, मी वाद घालत नाही. पण आज सोडलं तर उद्यापासून हेच खरं होईल. वरातीत गाडी चालवणं सोडून त्यांनी जे राखलं, तेच त्यांच्या फोटोखाली पुसलं गेलंय.

शाळेत जायच्या आधी मला अक्षरं अप्पांनी शिकवली. बसच्या जुन्या पत्र्यावर, खडूनं. चुकलं की मी ते तसंच ठेवून शेजारी बरोबर काढायची. ते म्हणायचे, "न्हाई बाळ. आधी ते पूस."

त्यांच्या भिंतीवरचं मला पुसता येत नाही. म्हणून माझ्या भिंतीवर लिहिते. शेअर करणार असाल तर दोन्ही वाक्यं घ्या, एक नको.

गाडी अप्पांनी पुन्हा चालती केली.
सीटा अप्पांनी शिवल्या नाहीत.

अप्पा, जय भीम. तुमच्या त्या 'न्हाई'ला माझं वंदन.